बुरूज कोणाचा, पाणी कोणाचं?

(मेळाव्यातील ‘सार्वजनिक जागा आणि स्त्रिया’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण एसटी स्टँडबद्दल बोललो, बाजाराबद्दल बोललो, चावडी आणि पाणवठ्याबद्दल बोललो. जेवणानंतरच्या या सत्रात मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, आयर्लंडमध्ये. डब्लिन शहराच्या दक्षिणेला, सुमारे तेरा किलोमीटरवर, सँडीकोव्ह नावाची समुद्रकाठची वस्ती आहे. तिथे खडकावर एक गोल दगडी बुरूज उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी पोहायची जागा आहे. या बुरुजाची आणि या पाण्याची गोष्ट मला सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला बुरुजांची काय कमी? वांद्रे, माहीम, वरळी, आणि खाली कोकणात उतरलं तर पावलापावलावर किल्ले. ते बरोबरच आहे. पण दुसऱ्याच्या घरातली भांडणं ऐकताना कधी कधी आपल्या घरातलं भांडण जास्त नीट समजतं. शिवाय या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो आणि दुसरा बेळगावपर्यंत. त्यामुळे ती अगदी परकीही नाही.

आधी बुरुजाबद्दल. अशा बुरुजांना मार्टेलो टॉवर म्हणतात. भूमध्य समुद्रात कॉर्सिका नावाचं बेट आहे. तिथल्या मोर्तेला नावाच्या टोकावर एक जुना गोल बुरूज होता. १७९४ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या दोन युद्धनौकांनी त्याच्यावर तोफा डागल्या. बुरुजात माणसं मूठभर आणि तोफा दोन-तीन. पण जाड गोल भिंतीला तोफगोळ्यांनी काही झालं नाही. उलट एका जहाजावरचीच साठाच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. शेवटी जमिनीवरून तोफांचा मारा करून इंग्रजांनी तो घेतला, पण त्यांच्या डोक्यात ही गोष्ट पक्की बसली. पुढे नेपोलियन स्वारी करणार अशी धास्ती पडली, तेव्हा त्यांनी त्याच धर्तीवर स्वतःच्या किनाऱ्यांवर बुरूज बांधायला घेतले. एकट्या इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर १८०५ ते १८१२ या काळात १०३ बुरूज झाले. नाव मात्र चुकीचं उचललं. मोर्तेलाचं मार्टेलो केलं आणि तेच चिकटलं.

आयर्लंडमध्ये असे सुमारे पन्नास बुरूज बांधले गेले. सँडीकोव्हचा १८०४ सालचा. ग्रॅनाइट दगडाचा, चाळीसेक फूट उंच, भिंती आठ फूट जाड. दार जमिनीपासून सुमारे दहा फूट वर. शिडी लावायची, आत जायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची. गच्चीवर सगळ्या बाजूंना फिरणारी तोफ. खाली दारूगोळा, मध्ये शिपायांची राहायची खोली. बस, एवढंच.

आता प्रश्न असा, की हे संरक्षण कोणाचं कोणापासून? सरकारी उत्तर सोपं होतं. फ्रेंच येतील, त्यांच्यापासून आयर्लंडचं संरक्षण. पण आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या टाचेखाली होतं. १७९६ च्या डिसेंबरात फ्रेंचांचं आरमार बँट्रीच्या आखातापर्यंत आलं होतं ते आयरिश क्रांतिकारकांच्या निमंत्रणावरून. वादळामुळे त्यांना उतरता आलं नाही. १७९८ साली आयर्लंडमध्ये मोठा उठाव झाला, त्याच्या मदतीला फ्रेंच सैन्य किलाला इथे उतरलंही. उठाव चिरडला गेला. १८०१ पासून आयर्लंडची वेगळी पार्लमेंटसुद्धा गेली. म्हणजे ज्या लोकांच्या ‘संरक्षणा’साठी बुरूज बांधले, त्यांच्यातल्या कित्येकांना समुद्रावरून येणारा मित्र वाटत होता आणि बुरुजात बसलेला शत्रू.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवते आहे. ‘तुमच्या रक्षणासाठी’ हे शब्द आपण बायका लहानपणापासून ऐकतो. सातच्या आत घरात, ते तुमच्या रक्षणासाठी. वसतिगृहाला कुलूप, तेही तुमच्याच रक्षणासाठी. भिंत कोण बांधतं, शिडी कोणाच्या हातात असते आणि तोफ कोणत्या बाजूला वळते, हे विचारल्याशिवाय रक्षण या शब्दाला काही अर्थ नाही. मार्टेलो बुरुजाची तोफ तर सगळ्या बाजूंना फिरायची. समुद्राकडेही आणि गावाकडेही.

गंमत म्हणजे ज्या स्वारीसाठी हे सगळं बांधलं ती कधी आलीच नाही. शिपाई बसून राहिले. शंभरेक वर्षांनी लष्कराला या जागेचं काही काम उरलं नाही आणि १९०४ साली सँडीकोव्हचा बुरूज वर्षाला आठ पौंडांवर भाड्याने दिला गेला. ऑलिव्हर सेंट जॉन गोगर्टी नावाच्या तरुणाने तो घेतला. त्याच्याकडे त्याचा मित्र जेम्स जॉइस राहायला आला. सप्टेंबर महिना होता. जॉइस तिथे जेमतेम सहा रात्री राहिला. तिसरा एक मित्र होता, त्याला झोपेत वाघरू दिसलं म्हणून त्याने बंदूक उडवली, गोगर्टीनेही बार काढला, आणि जॉइस रात्रीच उठून चालता झाला. पुढे हाच जॉइस जगप्रसिद्ध लेखक झाला आणि त्याच्या ‘युलिसिस’ या कादंबरीची सुरुवात याच बुरुजात होते. त्या सहा रात्रींमुळे हा बुरूज ‘जॉइस टॉवर’ म्हणून ओळखला जातो.

सहा रात्री राहिलेल्या पुरुषाचं नाव इमारतीला मिळालं, याबद्दल माझी तक्रार नाही. कादंबरी मोठीच आहे. मला त्या पहिल्या प्रकरणातल्या एका बाईबद्दल बोलायचं आहे. तीन सुशिक्षित तरुण बुरुजात न्याहारीला बसले आहेत आणि एक म्हातारी दूध घेऊन येते. त्या प्रकरणात बुरुजात पाऊल ठेवणारी बाई ही एकच. तिला नाव नाही. त्यांतला एक इंग्रज तिच्याशी आयरिश भाषेत बोलतो. तिला ती कळत नाही, ती विचारते ही फ्रेंच का? आपल्याच देशाची भाषा परक्याच्या तोंडून ऐकायची आणि ओळखू यायची नाही, इतकं तिच्याकडून काढून घेतलं गेलेलं आहे. मग हिशेब होतो. किती दिवस किती माप दूध, हे ती तोंडी बोटांवर मांडते. होतात दोन शिलिंग दोन पेन्स. तिच्या हातावर पडतात दोन शिलिंग. दोन पेन्स बाकी. ती म्हणते, होईल सवडीने, आणि जाते.

जॉइसने हे दोन पेन्स लिहून ठेवले हे त्याचं श्रेय. पण समीक्षकांनी त्या म्हातारीला आयर्लंडचं प्रतीक, मातृभूमीचं रूप वगैरे केलं. असेलही. आपल्यासारख्यांना आधी दिसते ती पहाटे उठून गाईचं दूध काढणारी, ते वाहून आणणारी आणि पुरते पैसे न मिळता परत जाणारी बाई. आपल्याकडे बाईचं प्रतीक करायची हौस दांडगी. भारतमाता करतील, पण मजुरी देताना दोन पैसे कमीच देतील.

आता या कादंबरीमागच्या बायका बघा. मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या दोघींनी अमेरिकेत आपल्या ‘लिटल रिव्ह्यू’ मासिकात ती क्रमशः छापली. १९२१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि दोघींना पन्नास-पन्नास डॉलर दंड झाला. हॅरिएट शॉ वीव्हर या इंग्रज बाईंनी जॉइसला वर्षानुवर्षं पैसे पुरवले. पुस्तक छापायला कोणी धजेना, तेव्हा पॅरिसमध्ये छोटं पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच यांनी २ फेब्रुवारी १९२२ रोजी ते प्रकाशित केलं. पुढे १९३४ साली अमेरिकेतल्या बड्या प्रकाशनाने ते काढलं. त्या आवृत्तीतून सिल्व्हियाबाईंच्या हाती काही पडलं नाही. त्यांचेही दोन पेन्स बाकीच राहिले म्हणायचे.

आणि नोरा बार्नॅकल. हॉटेलात खोल्या झाडणारी मुलगी. ती जॉइसबरोबर पहिल्यांदा फिरायला गेली त्या दिवसावरून त्याने कादंबरीची तारीख ठरवली, १६ जून १९०४. त्या दिवशी आज जगभर उत्सव होतो. उत्सवाचं नाव मात्र कादंबरीतल्या नायकाच्या आडनावावरून आहे.

याच तारखेला, १६ जून १९६२ रोजी, बुरुजात जॉइसचं संग्रहालय सुरू झालं. शेजारीच राहणारे वास्तुशिल्पी मायकेल स्कॉट यांनी १९५४ साली बुरूज विकत घेतला होता, त्यांनी पुढाकार घेतला. उद्घाटनाला बोलावलं सिल्व्हिया बीच यांना. त्यांनी ते केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. शिडी वर ओढून घ्यायच्या बुरुजाचं दार एका बाईच्या हाताने सगळ्यांना उघडं झालं, हे मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

पण ‘सगळ्यांना’ म्हणताना जरा थांबा. आता बुरुजावरून खाली उतरू या.

बुरुजाच्या पायथ्याशी खडकांमध्ये खोल, स्वच्छ पाणी आहे. या जागेला फॉर्टी फूट म्हणतात. पिढ्यानपिढ्या तिथे पुरुष पोहत आले. बाराही महिने, नाताळच्या दिवशीसुद्धा. पुष्कळ जण अंगावर कपडे न घालता. आणि तिथे पाटी होती, फक्त पुरुषांसाठी. वर बुरूज लोकांसाठी खुला, खाली समुद्र अर्ध्या लोकांना बंद! हे एका कोणा क्लबचं आवार नव्हतं. तो समुद्र होता. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर होता?

त्या काळच्या आयरिश बाईची परिस्थिती सांगते. सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. हा नियम १९७३ साली उठला. १९३५ च्या कायद्याने संततिनियमनाची साधनं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. १९७१ च्या मे महिन्यात स्त्रीमुक्तीवाल्या बायका आगगाडीने बेलफास्टला गेल्या, तिथून साधनं विकत घेतली आणि डब्लिनच्या स्टेशनवर कस्टमवाल्यांना उघडपणे दाखवत बाहेर पडल्या. राहतं घर नवरा बायकोला न विचारता विकू शकत असे, त्याला कायद्याने आळा बसला १९७६ मध्ये. घटस्फोट तर १९९५ च्या जनमतापर्यंत नव्हताच.

अशा काळात, १९७४ च्या जुलैमध्ये, डब्लिनच्या काही बायका फॉर्टी फूटवर गेल्या. हातात फलक, अंगावर पोहायचे कपडे. स्वतःला त्यांनी गमतीने नाव घेतलं होतं, डब्लिन शहराची महिला स्वारी-पलटण. नेपोलियनची स्वारी झाली नाही, पण सत्तर वर्षांचा हिशेब केला तर १९०४ च्या त्या म्हातारीनंतर ही स्वारी मात्र झाली! त्या खडकावर बसल्या आणि पाण्यात उतरल्या. पुरुषांनी आरडाओरडा केला, टिंगल केली. बायका पोहल्या.

त्यांना जे प्रश्न विचारले गेले ते तुम्ही पाठ म्हणून दाखवाल. देशात एवढे मोठे प्रश्न असताना तुम्हाला पोहायचं काय सुचतं? दुसरीकडे समुद्र नाही का? पुरुषांना त्यांची म्हणून एक जागा असू नये का?

या तिसऱ्या प्रश्नाला टाळून चालणार नाही, कारण तो आपल्यालाही विचारतात. रेल्वेत बायकांचा डबा चालतो, ५ मे १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली अख्खी लेडीज स्पेशल धावायला लागली, मग पुरुषांच्या पोहायच्या जागेने काय बिघडतं? माझं उत्तर असं आहे. बायकांचा डबा का लागतो? बाकीच्या डब्यांत बाईला धक्के खाल्ल्याशिवाय प्रवास करता येत नाही म्हणून. ती आहे त्या अन्यायावरची मलमपट्टी. उद्या सगळे डबे सुरक्षित झाले तर त्या डब्याची गरज आपोआप संपेल. ‘फक्त पुरुषांसाठी’ या पाटीमागे कोणता धोका होता? बायका आल्या तर पुरुषांना कपडे घालावे लागतील, एवढाच. एकीकडे जिवाची आणि अब्रूची भीती, दुसरीकडे सवय मोडण्याचा कंटाळा. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य करू या. बायकांच्या डब्यालाही आपण कायमचा किल्ला करू नये. फर्स्ट क्लासच्या लेडीज डब्यात चुकून चढलेल्या मासळीवालीकडे ज्या नजरेने बघितलं जातं, त्या नजरेतही एक पाटी असते.

आणि दुसरी गोष्ट. फॉर्टी फूटची बंदी पाटीच्या आणि वहिवाटीच्या जोरावर चालत होती. आपल्याकडे महाडला काय झालं? चवदार तळं नगरपालिकेने ठराव करून सर्वांना खुलं केलेलं होतं. कागदावर पाणी खुलं, व्यवहारात अस्पृश्यांना बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, मग कोर्टकज्जे. हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला. तहानेचं पाणी आणि पोहायचं पाणी यांची बरोबरी मी करत नाही. जातीच्या अन्यायाला तोड नाही. पण वहिवाट मोडायची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. अर्ज-विनंत्या एकीकडे चालू राहतात, पण कोणीतरी अंगाने जाऊन त्या पाण्यात उतरावं लागतं.

पाण्यात उतरल्यावर लढा संपतो का? फॉर्टी फूटला हळूहळू बायका-मुलं येऊ लागली. पण तिथल्या पोहणाऱ्यांच्या मंडळाचं सभासदत्व पुरुषांकडेच राहिलं. ते बायकांना मिळालं २०१४ साली. १९७४ ते २०१४, मोजा. चाळीस वर्षं! फॉर्टी फूट नावाच्या जागी पाण्यापासून सभासदांच्या यादीपर्यंत पोचायला चाळीस वर्षं. आपल्याकडेही ग्रामसभेत बाई येऊन बसली म्हणजे झालं, असं समजतात. बसणं वेगळं, ठरावावर सही असणं वेगळं, आणि किल्ली हातात असणं आणखी वेगळं.

किल्लीवरून पुन्हा वर बुरुजात जाऊ या. २०१२ साली संग्रहालयाला माणसं पुरेनात, आणि ते बंद ठेवायची पाळी आली. तेव्हा सँडीकोव्हचे रहिवासी पुढे आले. त्यांनी मित्रमंडळ काढलं, पाळ्या लावल्या, आणि बिनपगारी काम करून बुरूज पुन्हा उघडला. पुढे कित्येक वर्षं तो असा रोज, फुकट, लोकांनी लोकांसाठी चालवला. येणाऱ्याला गोष्टी सांगायच्या, वाचनं करायची, गच्चीवर नेऊन समुद्र दाखवायचा. ज्या खोलीत परक्या राजाचे शिपाई गावावर नजर ठेवून बसायचे, तिथे गावातली निवृत्त माणसं पाहुण्यांची वाट बघत बसू लागली. सामुदायिक वापर म्हणतात तो हाच, आणि मला तो मनापासून आवडतो.

पण आपण स्त्री-चळवळीतल्या बायका आहोत, आपल्याला आणखी एक प्रश्न विचारायची सवय आहे. बिनपगारी काम कोण करतं आणि त्याचा फायदा कोणाला होतो? हौसेने, सवडीने, पेन्शन असताना केलेली सेवा चांगलीच. पण सरकारने हात आखडता घ्यायचा आणि लोकांच्या, त्यातून बायकांच्या, सेवाभावावर गाडा ढकलायचा, हे आपण ओळखतो. आपल्या अंगणवाडी सेविका आणि आशा यांना पगार नाही, ‘मानधन’ आहे. काम पूर्णवेळ, नाव स्वयंसेविकेचं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, तेही २०२२ साली. तेव्हा समाजाने जागा चालवावी, जरूर चालवावी, पण झाडू कोणाच्या हातात आणि वही कोणाच्या हातात हे बघूनच टाळ्या वाजवाव्यात.

आता पुण्याचा धागा. बुरुजात राहायला जायच्या थोडंच आधी जॉइसला राहायला जागा नव्हती, तेव्हा एका तरुण जोडप्याने त्याला काही रात्री आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. जेम्स आणि मार्गारेट कझिन्स. दोघं शाकाहारी, आणि जॉइसला त्यांचं जेवण काही आवडलं नाही. साहित्याच्या इतिहासात मार्गारेटबाई एवढ्यापुरत्या येतात. आपल्या इतिहासात त्या फार मोठ्या आहेत. १९०८ साली हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी आयर्लंडमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली, त्यासाठी दोनदा तुरुंगात गेल्या. १९१५ मध्ये भारतात आल्या. १९१७ साली विमेन्स इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत त्या होत्या, आणि त्याच वर्षी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली माँटेग्यूसाहेबांकडे बायकांना मत मागायला जे शिष्टमंडळ गेलं, त्यामागेही त्यांची खटपट होती. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा अधिकार मिळाला १९२१ मध्ये. आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, ते मार्गारेटबाईंच्या पुढाकाराने. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. पुढे इंग्रज सरकारच्या वटहुकमांविरुद्ध बोलल्या म्हणून इथल्या तुरुंगातही मार्गारेटबाईंनी वर्ष काढलं.

साल बघा, १९२७. जानेवारीत पुण्याला महाराण्या आणि शिकलेल्या घरच्या बायका मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलत होत्या. मार्चमध्ये महाडला पाण्यासाठी माणसं मार खात होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं. या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला फार वर्षं लागली. आजही पुरत्या भेटल्यात असं म्हणवत नाही. आयर्लंडचं कौतुक करताना आपल्यातल्या या भिंती विसरू नयेत, म्हणून हे सांगितलं.

आणि शेवटचा धागा, बेळगावचा. तो सांगताना आवाज जड होतो. लोकांनी बुरुजाचं दार पुन्हा उघडलं ते २०१२ साल होतं. त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, बेळगावची लेक सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये गॉलवेच्या इस्पितळात वारली. व्यवसायाने दंतवैद्य. वय ३१. सतरा आठवड्यांची गरोदर होती, गर्भ वाचणार नाही हे दिसत होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपात करून द्या म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग अंगात भिनला आणि ती गेली. १९८३ साली आयर्लंडच्या घटनेत दुरुस्ती करून गर्भाला आईच्या बरोबरीने जगण्याचा हक्क दिलेला होता. तोही एक बुरूजच. संरक्षणासाठी बांधलेला. आठ फुटी भिंत, दार उंचावर, आणि शिडी वर ओढून घेतलेली. बाई खाली उभी राहून हाका मारते आहे आणि आतले म्हणतात, नियम आहे.

आयर्लंडच्या बायका रस्त्यावर आल्या. सविताचं चित्र हातात घेऊन आल्या. २५ मे २०१८ रोजी जनमत झालं, ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ती दुरुस्ती काढून टाका म्हणून मत दिलं. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ साली तो आणखी सैल केला. कागदावर आपण त्यांच्या पुढे होतो. पण गावातल्या आरोग्य केंद्रात लग्न न झालेली मुलगी गेली तर तिला काय ऐकावं लागतं, ते इथे बसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना विचारा.

मैत्रिणींनो, मी बुरुजाची गोष्ट सांगितली ती सहलीचं ठिकाण सुचवायला नव्हे. आपल्या प्रत्येक गावात असा एखादा बुरूज आहे. कुठे तो खरोखरचा पडका किल्ला आहे, कुठे समाजमंदिर, कुठे वाचनालय, कुठे तलावाचा घाट. इथून परत गेल्यावर अशी एक जागा निवडा आणि तिच्याबद्दल सहा प्रश्न विचारा. ही जागा कोणाच्या नावावर आहे? किल्ली कोणाकडे असते? समितीत बाया किती, आणि त्यांतल्या दलित, आदिवासी, मुसलमान किती? झाडलोट कोण करतं आणि तिला काय मिळतं? बाईला तिथे लघवीला जायची सोय आहे का? आणि अंधार पडल्यावर तिथे बाई नुसती, काही कामाशिवाय, बसू शकते का?

पाचव्या प्रश्नाला हसू नका. मुंबईतल्या बायकांनी मुताऱ्यांच्या हक्कासाठी २०११ पासून मोहीम चालवली, तेव्हाही लोक हसले होते. आणि सहावा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाणी भरायला, भाजी विकायला, मुलाला शाळेत सोडायला बाई बाहेर दिसली तर चालते. नुसतं समुद्राकडे बघत बसलेली बाई चालत नाही. फॉर्टी फूटच्या बायकांनी मागितलं होतं ते हेच. त्यांना तिथे काही काम नव्हतं. त्यांना पोहायचं होतं.

उत्तरं लिहून काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. मग कोणत्या पाण्यात आधी उतरायचं ते सगळ्या मिळून ठरवू. आणि त्या म्हातारीचे दोन पेन्स अजून बाकी आहेत, तेही वसूल करायचे आहेत.

एवढं बोलून थांबते.